अण्णांचा आवाज भरला ते दिवस

आमच्या घरात सगळ्यांत कमी बोलणारे अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि वस्तीवर सगळ्यांत लांब जाणारा आवाजही त्यांचाच. माणसांशी ते दोन शब्दांत उरकायचे. कालवणात मीठ कमी पडलं तर ताट नुसतं बोटभर पुढे सरकवायचे, आई समजून मीठ वाढायची. मी शाळेतून आले की "आलीस?" एवढंच विचारायचे, आणि मी समोर उभी असल्यामुळे त्याला उत्तर द्यायचं कारण नसायचं. बैलांशी मात्र त्यांचं दिवसभर बोलणं चालायचं. पाथर्डीच्या पूर्वेला माळावर आमची वस्ती होती. दहाबारा घरं, मधे एक लिंब, खाली ओढा, तोही पावसाळ्यात चार दिवस वाहून मोकळा होणारा. अशा उघड्या जागी आवाज फार लांब जातो. सकाळी आई भाकरी थापायला बसली की तिच्या थापण्याचा आवाज, शेजारच्या शेळ्या आणि त्यावरून शेताच्या पार टोकाकडून अण्णांचं "हाऽऽ हरण्या, हाऽऽ पाखऱ्या" ऐकू यायचं. त्या हाकेवरून आईला कळायचं की कितवं तास, म्हणजे औताची कितवी ओळ, चाललंय, अण्णा न्याहरीला कधी येतील आणि तवा कधी उतरवायचा.

हरण्या आणि पाखऱ्या हे आमचे बैल. अण्णांनी ते वासरं असल्यापासून वाढवलेले. दिवाळी झाली की आमची वस्ती रिकामी व्हायची, सगळी माणसं ऊस तोडायला कारखान्यावर जायची. ज्यांच्याकडे बैल ते गाडीवर जायचे. ज्यांच्याकडे नाहीत ते नुसता कोयता घेऊन दुसऱ्याच्या जोडीला. आम्ही गाडीवाले होतो. गाडी होती म्हणून अण्णा, आई आणि मी तिघं एका कोपीत राहू शकत होतो. उसाच्या पाचटाची का होईना, ती आमची कोपी होती. कारखान्याच्या गाडीत ऊस इतका उंच रचतात की वर बसलेल्या माणसाला बैलांची शिंगं तेवढी दिसतात. फडातून बाहेर निघताना चढ असतो, वजनकाट्यापाशी उतार असतो, पुढेमागे दुसऱ्या गाड्या असतात. तिथे कासरा ओढून भागत नाही. बाकीचे गाडीवान चाबूक वापरायचे, काही शेपट्या पिरगाळायचे. अण्णा वर बसून नुसती हाक द्यायचे. निघायला "हाऽऽ", थांबायला "होऽऽल", एका अंगाला दाबायला त्या त्या बैलाचं नाव, आणि संध्याकाळी सोडल्यावर गव्हाणीकडे बोलवायला "ये रंऽ, ये". एवढ्यावर त्यांचे सगळे हंगाम निघाले. चाबूक आमच्या घरी नव्हताच. लोक हसायचे, म्हणायचे, "ह्यानं बैल न्हाई, पोरं जुपल्यात."

आवाज आधी नुसता बसला. मग बसलेलाच राहिला. आईने हळदीचं दूध दिलं, ओवा दिला, ज्येष्ठमध दिला, कोणी सांगितलं म्हणून एका ठिकाणचा अंगाराही आणला. अण्णा विडी ओढायचे, ती काही सुटली नाही. शेवटी नगरला दाखवलं, नगरहून पुण्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की घशात कॅन्सर आहे, आवाजाची पेटी काढावी लागेल. आईने विचारलं, "मंग बोलणं?" डॉक्टर म्हणाले, "जीव वाचेल, बाई." आई परत विचारायला गेली नाही. ऑपरेशन नवरात्राच्या आसपास ठरलं. म्हणजे भाद्रपद सगळा हातात होता.

मला पुष्कळजण विचारतात की त्या दिवसांत घरात काय वातावरण होतं. काही वातावरण नव्हतं. ज्वारीच्या पेरणीआधीची कुळवणी करायची होती, ती चालली होती.

त्याच दिवसांत भानुमामा आला. माझ्या आईचा हा धाकटा भाऊ, नगरजवळ नागापूरला एमआयडीसीत कामाला होता. शर्ट खोचून यायचा आणि वस्तीवर कोणालाही ठाऊक नसलेली एखादी वस्तू घेऊन यायचा. या वेळी त्याने पिशवीतून एक काळा टेपरेकॉर्डर काढला. आडव्या विटेपेक्षा लहान, चामड्याच्या कव्हरातला, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेला. त्याच्या साहेबांनी बाहेरदेशातून आणलेला, नवा घेतल्यावर हा मामाला दिलेला. आम्ही टेप पाहिलेला नव्हता असं नाही, पाथर्डीच्या दुकानात दिवसभर वाजायचे. पण ह्याची तऱ्हा वेगळी होती. मामाने तो घोंगडीवर ठेवला, खालचं झाकण उघडून चार सेल बसवले, वर कॅसेट सरकवली आणि कडेचं एक बारीक बटन दाखवलं.

"आक्का, ह्ये बघ. हितं लावलं की आपुन बोललो की चालू, गप बसलो की बंद. आपलं आपण."

"कुणी हात न लावता?" आईने विचारलं.

"हात न लावता."

"मंग ह्यो तुझ्या दाजींचाच भाऊ हाय. गरजंपुरतं चालायचं."

अण्णा हसले. हसताना त्यांचा घसा खरखरायचा.

माहितीचं पुस्तक इंग्रजीत होतं. मी आठवीत होते आणि घरात इंग्रजी अक्षर लावणारी मी एकटीच, तेव्हा ते माझ्याकडे आलं. शब्द निम्मे कळले नाहीत, चित्रं कळली. बटनाशेजारी एक खाचांचं चाक होतं. ते वर फिरवलं की यंत्राचे कान तिखट व्हायचे, खाली फिरवलं की बोथट. आम्ही दुपारभर त्याच्याशी खेळत बसलो. चाक पूर्ण वर केलं तर आईच्या बांगड्यांनी, कोंबडीने, लांबच्या मोटारसायकलनेसुद्धा लाल दिवा लागायचा आणि फीत फिरायला लागायची. पूर्ण खाली केलं तर मामा कानाशी ओरडला तरच जागं व्हायचं, आणि अण्णांच्या बसलेल्या आवाजाला तर दादच द्यायचं नाही. अण्णा बोलले, दिवा लागला नाही. आईने तोंडाला पदर लावला. मी चाक दोन खाचा वर घेतलं. अण्णा परत बोलले, "लागला का?" आणि दिवा लागला. त्या खाचेवर मी खडूची रेघ मारली.

आता बोलायचं काय, हा प्रश्न आला. मामाची कल्पना अशी की दाजींचा आवाज घरात राहावा. "दाजी, पोरीसाठी चार शब्द बोला. आक्कासाठी बोला." अण्णा टेपसमोर मांडी घालून बसले. आम्ही तिघं गप्प. यंत्रही गप्प. अण्णांनी टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "काय बोलू? ही हितंच हायेत की." मामा म्हणाला, काहीही बोला, लहानपणचं सांगा, देवाचं म्हणा. अण्णांनी त्या दिव्याकडे पाहिलं, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला अजूनही अगदी त्यांच्यासारखं वाटतं. "ह्यात बैलांच्या हाका भरू. माझं बोलणं गेलं तर बैल हिला ऐकायचं न्हाईत. ही गाडीवर बसंल, ह्यो डबा वाजवंल. हंगाम निघंल."

मामाला ते आवडलं नाही, पण आईला एकदम पटलं. मलाही पटलं. आवाज ठेवायचा तर कामाचा ठेवावा.

आईने जुन्या परकराच्या कापडाची पिशवी शिवली, त्यात टेप घालून ती अण्णांच्या गळ्यात अडकवली, आणि अण्णा कुळवणीला जाऊ लागले. मामा जाताना सांगून गेला होता की बटन साधं ठेवलं तर फीत सलग फिरते, आवाज असो वा नसो. अण्णांनी ते ऐकताच हात झटकला. ते तासाच्या टोकाला एक हाक देणार, मग पार दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत गप्प. तेवढा वेळ फीत रिकामी फिरवायची? आमच्याकडे चूल पेटली की तिच्यावर भाकरी, मग कालवण, मग आंघोळीचं पाणी, आणि राखेत शेवटी वांगं भाजायचं. काहीही मोकळं जळू द्यायचं नाही. म्हणून आवाजावरचं बटन लावलं. दुसरं असं की भरलेलं कोणी वाजवून पाहिलं नाही. वाजवलं तर सेल उतरतील, आणि सेल हंगामासाठी राखायचे होते. अण्णा शेतातून आले की आई पिशवी उतरवून घ्यायची, झाकणाच्या काचेतून फीत किती सरकली ते बघायची आणि डबा कणगीवर ठेवायची. एक बाजू भरायला कुळवणी सगळी लागली. आईला त्याचं कौतुक वाटलं. "बघा, किती पुरवून भरलं."

आज नागापूरलाच माझं विजेच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं लहान वर्कशॉप आहे. कामावर नवीन आलेल्या मुलींना मी पहिल्या दिवशी एकच सांगते, जोडलं की चालवून बघा. कारण विचारलं तर सांगत बसत नाही.

पुण्याच्या दवाखान्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. मी तिथे दोनदाच गेले. अण्णांच्या गळ्याला समोर भोक पाडलेलं होतं आणि श्वास तिथून चालायचा. त्यावर ओलं पातळ कापड बांधायचं, ते आईने शिकून घेतलं. परत आल्यावर आम्हाला एकेक गोष्ट कळत गेली, जी डॉक्टरांनी सांगितली असेल पण आम्हाला ऐकू आली नव्हती. पहिल्याच सकाळी अण्णांनी चहा बशीत ओतला, ओठांशी नेला आणि फुंकर मारायला गेले. फुंकर आली नाही. वारा तोंडातून जातच नव्हता. त्यांनी परत केलं. मग बशी खाली ठेवली आणि चहा आपोआप निवेपर्यंत तिच्याकडे बघत बसले. फुंकणीने चूल फुलवता येईना, शीळ घालता येईना, वासही येईना. आईने मेथी घोटली, लसूण घातला, सगळं घर त्या वासाने भरलं, आणि अण्णा ताटावर आल्यावर कसली भाजी आहे ते वाकून बघायला लागले. लिहून सांगावं तर अण्णांना सहीपुरतंच येत होतं. हात हलवायचे, आम्ही ओळखायचं. आधीही तसंच होतं म्हणा. पण आधी ती त्यांची मर्जी होती.

दिवाळी आली तसा मुकादम येऊन गेला. ऊसतोडीच्या टोळ्या जमवणारा हा माणूस, वाईट नव्हता, पण त्याला गाड्या मोजून द्यायच्या होत्या. ओट्यावर बसून त्याने अण्णांना खालीवर पाहिलं आणि आईला म्हणाला, "वहिनी, गाडी कोण हाकणार? ह्यांना लई झालं तर वर बसवाल. चढाला काय करणार?"

"मी हाकीन," आई म्हणाली.

"बैल ऐकत्याल?"

"ऐकत्याल."

"मंग आठ दिसांत सांगा. न्हाईतर तुमचा एक कोयता धरतो. तुमी तुमच्या जावंच्या जोडीला चला, ही दोघं ऱ्हातील हितं."

म्हणजे प्रश्न असा होता. बैल चालले तर तिघं कारखान्यावर, एका कोपीत, अण्णांच्या गळ्याचं कापड आईच्या हातात. बैल नाही चालले तर ते विकायचे, कारण हंगामभर वस्तीवर त्यांना चारा नव्हता. आई सहा महिने बाहेर, आणि गळ्याला भोक असलेला माणूस आणि मी घरात.

आईने आधी स्वतःच्या आवाजावर करून पाहिलं. बैल जुंपले, ती पुढे बसली आणि तिने हाक दिली. हाक चांगली होती. बैल रवंथ करत उभे राहिले. दिवाळीला आलेल्या मामाने शर्टाच्या बाह्या सारल्या आणि अण्णांसारखा आवाज काढला, तेव्हा शेजारच्या बायका हसायला लागल्या आणि पाखऱ्याने शेण टाकलं. मामा चिडला. त्याने लिंबाची फांदी तोडून हरण्याच्या पुठ्ठ्यावर एक ओढली. हरण्याला आयुष्यात कोणी मारलं नव्हतं. तो गाडीसकट जागेवर खाली बसला. अण्णा आले, मामाच्या हातातली फांदी घेऊन त्यांनी मोडली आणि हरण्याच्या कानामागे खाजवत उभे राहिले. टाळ्या वाजवून, खुणा करून बैलांना सवय लागली नसती असं नाही. पण त्याला एक पावसाळा लागला असता, आणि आमच्याकडे आठवडा होता.

तेव्हा डबा काढला. ओढ्याकडून वर येणारी वाट चढाची आहे, फडातून निघताना असतो तेवढाच चढ. गाडीत कडबा आणि वर दगड भरले. आई वर बसली, टेप तिच्या मांडीवर, आवाज पूर्ण मोठा केलेला. मी खाली चाकाशी. अण्णा बैलांच्या पुढे, लांब, वाटेच्या कडेला. वस्तीवरचे लोक बांधावर येऊन बसले होते. कोणी तरी म्हणालं, "आता डबा गाडी हाकतोय, बगा." आईने बटन दाबलं.

आधी एक कोंबडी ओरडली. मग आईचाच आवाज, "भाकरी ठिवलीय फडक्यात." मग खोकला. मग अण्णा. पण "हाऽऽ हरण्या" असं नाही, तर नुसतं "ऽऽरण्या". यंत्राला जागं व्हायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात सुरुवात निघून जाते. हे मला आज कळतं, त्या वेळी वाटलं की कोणी तरी अण्णांचं तोंड दाबलंय. तरी बैलांनी कान टवकारले. आवाज ओळखीचा होता. त्यांनी खांदा दिला, गाडी हलली, चढाला लागली. आणि लगेच, एक श्वाससुद्धा मधे न जाता, टेपमधून "ऽऽल" आलं. थांबा. बैल थांबले. लगेच पुन्हा "ऽऽखऱ्या." पुन्हा "ऽऽल." शेतात अण्णांनी एक हाक दिली होती, मग सगळं तास चालून टोकाला थांबायची हाक दिली होती. मधलं चालणं गप्प होतं, म्हणून यंत्राने ते घेतलंच नव्हतं. निघा आणि थांबा एकमेकांना चिकटून बसले होते. बैल ओढायचे, थबकायचे, एक पुढे, एक मागे, जू वाकडं झालं, भरलेली गाडी उताराला मागे सरायला लागली. आई बटन शोधत होती आणि तिला ते सापडत नव्हतं. अण्णा धावले. त्यांचं तोंड उघडं होतं. मी बघत होते, ते पूर्ण उघडं होतं, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आणि गळ्यावरचं कापड नुसतं फडफडत होतं. मी आणि शेजारच्या दोघांनी चाकामागे दगड टाकले. गाडी थांबली. पाखऱ्या पुढच्या गुडघ्यांवर आला होता, एक गुडघा सोलवटला होता. टेप अजून चालूच होता, "ऽऽरण्या, ऽऽल, ऽऽरण्या." अण्णांनी गाडीवर चढून आईच्या मांडीवरून तो उचलला, सावकाश कडेचं बटन दाबलं आणि तिच्याकडे परत दिला. मग खाली उतरून जू सोडलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी हाताने खूण केली, शिंगं आणि मग लांब रस्ता. बाजार.

बाजाराला अजून चार दिवस होते. आता हंगामासाठी राखायचं काही उरलं नव्हतं म्हणून असेल, पण आई दुपारी भांडी झाली की टेप घेऊन बसू लागली. अण्णा तेव्हा बैलांपाशी असायचे. मी पुढेमागे करून द्यायची. त्या फितीत अण्णांचं कितीतरी दिवसांचं बोलणं अर्ध्या तासात बसलं होतं. हाका, खोकला, "पाणी पी", "माशी लई झाली", "उठ, उठ". एकाच जागी जरा लांब होतं. बहुधा दुपारी झाडाखाली सोडल्यावरचं. "पुण्याला जायचंय आपल्याला. तू न्हाई रं, मी. तुझं बरंय." मग हसल्यासारखी खरखर, आणि लगेच पुढची हाक. आई ते ऐकून झालं की मला म्हणायची, "मागं घे." मी घ्यायची. ती रडली वगैरे नाही. डाळ निवडत ऐकायची आणि त्या जागी हात थांबायचा. अण्णांना ते कळलं होतं, कारण एकदा ते दारात येऊन उभे राहिले आणि आत न येता परत गेले.

घोडेगावच्या बाजाराला अण्णा आदल्या दिवशी पहाटेच बैल घेऊन चालत निघाले. आम्ही दोघी सकाळच्या एसटीने गेलो. टेप आईच्या पिशवीत होता. घरी कोणी नसताना तो मागे ठेवायला ती तयार नव्हती. बैल देखणे होते, सोलवटलेल्या गुडघ्याला आईने हळद लावली होती, आणि गिऱ्हाईक लवकर मिळालं. नेवाशाकडचे एक बागायतदार होते, पन्नाशीचे, पांढरी टोपी, बोलायला मोकळे. त्यांनी दात पाहिले, खांदा पाहिला, चालवून पाहिलं. अण्णांशी बोलायला लागले, उत्तर येईना म्हणून आईकडे वळले. सौदा झाला. आम्हाला वाटलं, झालं.

बैल टेम्पोत चढेनात. ते आयुष्यभर चालत हिंडलेले. फळीवर पाय ठेवला की ती पोकळ वाजायची आणि दोघंही मागे सरायचे. अण्णा स्वतः टेम्पोत चढले, आतून कासरा धरून उभे राहिले. हरण्याने पुढचे दोन पाय फळीवर टाकले आणि तिथेच घट्ट झाला. ड्रायव्हरला घाई होती, त्याने मागून शेपटी पिरगाळली. हरण्या ओरडला. ड्रायव्हरने मग टेम्पोतून दांडकं काढलं.

"थांब," आई म्हणाली. तिने पिशवीतून टेप काढून माझ्या हातात दिला. "सुमे, संध्याकाळचं लाव."

मला जागा पाठ होती. फितीच्या शेवटी, रोज संध्याकाळी औत सोडल्यावर बैलांना गव्हाणीकडे बोलवायची हाक होती, एकामागोमाग अनेक संध्याकाळच्या हाका. तिथे थांबायचं काही नव्हतं, नुसतं यायचं होतं. मी टेम्पोत चढून अण्णांच्या शेजारी उभी राहिले आणि लावला. "ऽऽ रंऽ, ये. ये रंऽ, ये." आवाज बसलेला होता, पण अण्णांचाच. हरण्याने मान वर केली. त्याने अण्णांकडे बघितलं, माझ्या हाताकडे नाही. अण्णा कासरा सैल सोडून उभे होते. आधी हरण्या चढला, फळी वाजली तरी थांबला नाही, आणि त्याच्यामागे पाखऱ्या. दोघं येऊन अण्णांच्या छातीशी तोंड लावून उभे राहिले. मी टेप बंद केला. खाली लोक जमले होते, कोणी तरी "वा!" म्हणालं.

अण्णांनी दोघांना आडव्या दांडीला बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि खाली उतरले. तेवढ्यात ते बागायतदार आईजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, एक विचारू का? उतरवताना काय करू? माझ्या घरी टेप हाय. ती कॅसेट देता का?"

आईने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी तिच्याकडे. त्यांनी काही खूण केली नाही, मान हलवली नाही, हात दोन्ही धोतराशी सोडलेले. ते तिच्यावरच सोडलं होतं त्यांनी.

"न्हाई उतरली तर माराल का?" आईने विचारलं.

माणूस प्रामाणिक होता. "मी न्हाई मारायचो. पण गडी मारत्याल. जनावर टेम्पोत किती वेळ ठिवणार?"

आईने टेप माझ्याकडून घेतला. झाकणाचं बटन तिला या वेळी लगेच सापडलं. कॅसेट काढली, पदराने पुसली आणि त्यांच्या हातात ठेवली. "दुसरी बाजू कोरी हाय," एवढंच म्हणाली. त्यांनी ती खिशात घातली, नमस्कार केला, आणि टेम्पो गेला. आमची मुलं आता फोनवर काहीही भरतात, पुसतात, परत भरतात. मला त्याचं काही वाटत नाही. पण आजोबांचा आवाज कसा होता असं माझ्या मुलाने विचारलं तेव्हा मी हाक देऊन दाखवली आणि लगेच कळलं की ती माझीच हाक होती.

परतीच्या एसटीत गर्दी होती. अण्णांना खिडकीजवळ जागा मिळाली, आई शेजारी टेकली, मी पुढे उभी. चार दिवसांनी आई जावेबरोबर कोयता घेऊन जाणार हे आता ठरल्यासारखंच होतं. कंडक्टर तिकिटं फाडत आला. पुरुषमाणूस म्हणून त्याने अण्णांनाच विचारलं, "कुठं जायचंय, पाव्हणं?"

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले.

"अहो, कुठं? तोंडात गुळणी धरलीय का काय?" मागे दोघंतिघं हसले.

ऑपरेशन झाल्यापासून आई विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत आली होती की घसा बसलाय, येईल हळूहळू. मुकादमाला तेच, पाहुण्यांना तेच, बाजारात बागायतदारालाही तेच. त्यामुळे मीही तेच सांगायला तोंड उघडलं. पण आई माझ्याआधी बोलली, आणि साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशी बोलली.

"मुके हायेत ते. तीन पाथर्डी द्या."

कंडक्टरने खाली बघून तिकिटं फाडली. अण्णांनी एकदा मान हलवली, बरोबर म्हटल्यासारखी, आणि खिडकीकडे सरकून आईला नीट बसायला जागा करून दिली.